डावा आरसा नसलेली गाडी: नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या दृष्टी-उपचार केंद्राचा माझा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो जिन्यासाठी, त्याचं शेवटी सांगतो.

मी एसटीत चालक होतो. बहुतेक नोकरी कळवण आणि सप्तशृंगगडाच्या गाड्यांवर गेली, शेवटची काही वर्षं त्र्यंबकेश्वर. निवृत्त झालो तेव्हा कंबर सोडली तर शरीराची तक्रार नव्हती. चष्मा फक्त पेपर वाचायला. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी चहाबरोबर पेपर उघडला आणि ओळी मधूनच सुरू झाल्यासारख्या वाटल्या, तेव्हा मी छापणाऱ्यालाच शिव्या दिल्या. मग स्कूटर काढून कारंजावर गेलो. (जायला नको होतं, हे आता कळतं.) तिथे एका दुकानाच्या पाटीवर 'पंचवटी'च्या जागी नुसतं 'वटी' वाचलं. 'पंच' कुठे गेलं म्हणून मान वळवली, तर ते आपल्या जागेवर होतं.

जवळच्या चष्म्याच्या दुकानात शिरलो. पोरगा असेल पंचवीस वर्षांचा. त्याने आधी एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. दोन्ही वेळेला डावी बाजू गायब. तो म्हणाला, "काका, हा नंबरचा विषय नाही. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू गेलीय म्हणजे गडबड मेंदूत आहे. स्कूटर इथेच ठेवा, मी रिक्षा बोलावतो." त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही. वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: नजरेची एक बाजू अचानक गेली तर चष्मा बदलत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा. तो लकवा असू शकतो, फक्त हातापायाचा नाही.

एमआरआयमध्ये दिसलं की मेंदूच्या अगदी मागच्या भागात, उजवीकडे, रक्त पोचलं नव्हतं. डोळे ठणठणीत. पण दोन्ही डोळ्यांना डावीकडून जे दिसतं ते मेंदूच्या उजव्या भागात जातं, आणि तोच भाग बाद झाला. म्हणून 'काकांचा डावा डोळा गेला' असं जे गल्लीत पसरलं ते चूक आहे. डावा डोळा आहे, डावी बाजू नाही. डिस्चार्जच्या कागदावर 'लेफ्ट होमोनिमस हेमियानोपिया' असं लिहिलं होतं आणि तोंडी सांगितलं, "सवय होईल."

लोक विचारतात, त्या बाजूला काळं दिसतं का. काळं दिसलं असतं तर बरं झालं असतं. गाडीचा आरसा फुटला तर फुटलेला आरसा तरी दिसतो. इथे आरसाच नाही, आणि तो नाही हेही लक्षात येत नाही. पहिल्याच महिन्यात मिसळ खायला गेलो, आणि पाव दिला नाही म्हणून वाढणाऱ्या पोराशी भांडलो. तो बिचारा ताटाकडे बोट दाखवत उभा. मेव्हण्याने ताट अर्धं फिरवलं, तर पाव, पापड, दही सगळं हजर! त्या हॉटेलात मी अजून परत गेलेलो नाही.

पण खरा घोळ वेगळाच झाला, आणि त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय.

एप्रिलमध्ये नातू घरात चेंडू खेळत होता. मी खुर्चीत बसून टीव्ही बघत होतो. डावीकडून चेंडू आला आणि माझा हात आपोआप तोंडासमोर आला. चेंडू हाताला लागून खाली पडला. मला तो आलेला दिसला नव्हता, शपथेवर सांगतो. हात का उचलला तेही कळलं नाही. हिने स्वयंपाकघरातून पाहिलं. काही बोलली नाही. दोन दिवसांनी म्हणाली, "अहो, दिसत नाही तर हात कसा वर गेला?" मेव्हणा तर उघडच म्हणाला की दाजींना सिलेक्टिव्ह दिसतं, भाजी आणायची असली की दिसत नाही. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण त्यानंतर ही माझ्याकडे बघायची तेव्हा तिच्या मनात काय आहे ते मला कळायचं. वाईट म्हणजे माझाच माझ्यावरचा भरवसा उडाला. वाटलं, मी खरंच नाटक करतोय की काय? डोकं फिरलंय की काय?

मध्ये एका ठिकाणी पंचेचाळीस हजारांचं पॅकेज सांगितलं गेलं. तीन महिने कॉम्प्युटरसमोर बसा, गेलेली नजर परत, असं. नाव लिहीत नाही. चेंडूचं सांगितलं तर ते एकदम खूश, म्हणाले, "बघा, नजर आहेच, फक्त जागी करायची!" तिथे पैसे भरायला मी तयार झालो होतो. सूनबाईने अडवलं आणि तिच्या मैत्रिणीकडून ह्या केंद्राचा पत्ता आणला. ह्यांचंही नाव देत नाही. मॅडम एकट्याच आहेत, आधीच पेशंटना पंधरा-पंधरा दिवस थांबावं लागतं आणि त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. कॅनडा कॉर्नरवरून आत वळलं की झेरॉक्सच्या दुकानावर, पहिला मजला. ज्यांना गरज आहे त्यांना सापडेल.

पहिल्या भेटीचे नऊशे, नंतर प्रत्येक वेळी सहाशे. पहिली भेट दीड तास चालली, घड्याळ बघितलं नाही त्यांनी. हॉस्पिटलात बटण दाबायची ती तपासणी झाली होती, पांढऱ्या वाटीत ठिपका चमकला की दाबायचं. तिचा कागद त्यांनी बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, घरात काही विचित्र घडलंय का? सांगायला लाज वाटेल असं?" ही शेजारी बसली होती. मी चेंडूचं सांगितलं.

मॅडमनी खोलीतला उजेड कमी केला, समोर बसल्या. "माझ्या नाकाकडे बघत राहायचं." त्यांच्या उजव्या हातात, म्हणजे माझ्या डाव्या बाजूला, काडीवर पांढरा मणी होता म्हणे, मला काडी नाही आणि हातही नाही. "मणी वर गेला की खाली?"

"मॅडम, मला काही दिसत नाहीये."

"माहीत आहे. दिसलं का ते विचारतच नाहीये मी. वर की खाली?"

"मग काय लॉटरी काढू?"

"काढा."

मी वैतागून वर, खाली, खाली, वर असं बोलत सुटलो. वीस वेळा झालं. माझा डोळा नाकावरून हलला की तो प्रयत्न त्या बाद करायच्या आणि नव्याने घ्यायच्या. शेवटी कागद दाखवला: वीसपैकी सोळा बरोबर. मी म्हटलं, मॅडम तुम्ही माझं मन राखताय. मग दुसरा खेळ. मणी न हलवता नुसता वरच्या बाजूला किंवा खालच्या बाजूला धरायचा. वीसपैकी अकरा. म्हणजे छापा-काटा. हलणारं मला न दिसता कळत होतं, थांबलेलं कळत नव्हतं.

आणि मग त्यांनी हिच्याकडे वळून सांगितलं, "काकू, काका खोटं बोलत नाहीयेत. ह्याला ब्लाइंडसाइट म्हणतात. न दिसता दिसणं."

समजावून सांगण्याची त्यांची हातोटी आहे. डोळ्यातून मेंदूकडे निघालेल्या तंतूंपैकी दहातले जवळजवळ नऊ एका मोठ्या वाटेने मागच्या भागात जातात. मी ड्रायव्हर म्हणून त्या बोलल्या, "द्वारकेवरचा उड्डाणपूल समजा. तो तुमचा पडला." उरलेले थोडे तंतू खालच्या सर्व्हिस रोडने मेंदूच्या जुन्या भागांकडे जातात. बेडूक-मासे त्या जुन्या भागावरच सगळं बघतात. तिथून हाताला, मानेला, डोळ्याच्या बुबुळाला हुकूम सुटतो, पण 'मला दिसलं' असं वाटायला लागणारी खबर सुटत नाही. कंडक्टरने डबल बेल मारावी, गाडी निघावी, आणि ड्रायव्हरला बेल ऐकूच आली नाही असं काहीतरी. (हे माझं, मॅडमचं नाही.)

हे आजकालचं खूळ नाही, हेही त्यांनी सांगितलं. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेले सैनिक तपासताना रिडक नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९१७ साली लिहून ठेवलं होतं की गेलेल्या बाजूला थांबलेली वस्तू ह्यांना कळत नाही, हलणारी कळते. मणीच की! पुढे लंडनमध्ये एका माणसाचं ऑपरेशन झालं. कागदोपत्री त्याला 'डीबी' म्हणतात. त्याच्या मेंदूच्या मागच्या भागात उजवीकडे रक्तवाहिन्यांचा गुंता होता, तो काढताना डावी बाजू गेली. म्हणजे अगदी माझी बाजू. वाइस्क्रांट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला अंदाजाने बोट दाखवायला सांगितलं, रेघ आडवी की उभी ते विचारलं. तो म्हणत राहिला की मी आपलं काहीही सांगतोय, आणि उत्तरं बरोबर येत गेली. निकाल दाखवल्यावर त्याचा विश्वास बसेना. १९७४ साली हे छापून आलं, ब्लाइंडसाइट हा शब्दही तेव्हाचाच. मला हा डीबी फार जवळचा वाटला. त्याच्या घरचे त्याला काय म्हणत असतील?

त्याच वाइस्क्रांट्झच्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत हेलन नावाची माकडीण होती. मेंदूचा बघण्याचा भाग जवळजवळ सगळा काढलेली. निकोलस हम्फ्री नावाच्या तरुणाने तिच्याबरोबर सात वर्षं घालवली, आणि शेवटी ती अडथळ्यांतून पळायची, जमिनीवरचे बेदाणे वेचायची. (डोळे तपासायच्या यंत्रालाही हम्फ्री म्हणतात, पण तो हम्फ्री वेगळा, मी विचारलं.) आणि २००८ साली एका डॉक्टरवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. लागोपाठ दोन झटक्यांनी त्याच्या दोन्ही बाजू गेल्या होत्या, पूर्ण आंधळा. खोकी आणि सामान मांडलेल्या बोळातून त्याला काठीशिवाय चालायला सांगितलं. पडला तर धरायला एक जण मागे. तो एकालाही न धडकता पार झाला, आणि आपण काही चुकवलं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

चेहऱ्यावरचा राग किंवा भीतीसुद्धा असं न दिसता ओळखता येते, ह्यावर १९९९ च्या सुमारास काम झालंय म्हणे. आमच्या घरी त्याला प्रयोगाची गरज नाही.

पण मॅडम मला आवडल्या त्या इथून पुढे. मी फुशारलो होतो. पंचेचाळीस हजारवाल्यांचंच बरोबर होतं तर, नजर आहे, असं म्हणालो. त्यांनी तिथल्या तिथे हवा काढली. म्हणाल्या, एक तर माझा मण्याचा खेळ हे काही विज्ञान नाही. उजेड डोळ्यात पसरून चांगल्या बाजूला सांडतो, आणि माणूस त्या सांडलेल्या उजेडावरून बरोबर सांगतो, हा आक्षेप १९८३ पासून आहे. मेंदूचा एखादा तुकडा शाबूत राहिलेला असू शकतो. काही अभ्यासक तर म्हणतात की हे न दिसणं नाहीच, इतकं अंधुक दिसणं आहे की माणूस त्याला दिसणं म्हणायला तयार होत नाही. "आणि दुसरं, काका, सोळा बरोबर आले तेव्हा चार चुकले. रस्त्यावर चार चुकून चालेल?"

कॉम्प्युटरवर हलत्या ठिपक्यांचा सराव करून थोडी जागा परत मिळवायचं काम परदेशात चालू आहे, ते खोटं नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण त्यात महिनोन्‌महिने रोजची मेहनत असते, मिळतं ते थोडं, आणि ते रोजच्या जगण्यात किती उपयोगी यावर एकमत नाही. जे आपोआप सुधारायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत सुधारतं. मान वळवायचा सराव मात्र आजपासून कामाला येतो. मनात आणलं असतं तर तसलंच पॅकेज त्यांनाही माझ्या गळ्यात मारता आलं असतं, हे ध्यानात घ्या.

मला विचाराल तर ह्यातलं काही मला परकं वाटलं नाही. नांदुरीच्या घाटात रात्रीची गाडी चालवलेल्या माणसाला विचारा. वळणावर वासरू आडवं येतं, पाय आधी ब्रेकवर जातो, आणि मग दिसतं की वासरू होतं. पूर्वी माझा पाय आधी आणि डोळा मागून यायचा. आता पाय येतो, मागून कुणी येतच नाही.

त्या दिवशी उतरताना ही माझ्या डाव्या बाजूला आली. फेब्रुवारीपासून ती उजवीकडून चालायची, म्हणजे मला दिसेल अशी. काही बोलली नाही, कोपर धरलं आणि चालायला लागली.

आता प्रत्यक्ष उपचार. अकरा भेटी झाल्या. पेपरच्या प्रत्येक रकान्याच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावायची, आणि डोळा त्या लाल रंगाला शिवल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. आपली लिपी डावीकडून सुरू होते, त्यामुळे ओळीचं तोंडच हरवतं. पट्टीने ते सापडलं. दोन आठवड्यांत अग्रलेखापर्यंत पोचलो, पूर्वीही तो वाचत नव्हतोच. मग भिंतीवर चिकटवलेले आकडे शोधायचे: डोळा आधी एकदम डावीकडे टाकायचा, पलीकडच्या टोकापर्यंत, मग हळूहळू उजवीकडे यायचं. माझी सवय उलटी होती, चांगल्या बाजूने चाचपडत जायचं, आणि त्यामुळे डावं टोक कायम राहायचं.

मग बाहेर. अशोकस्तंभाला रस्ता ओलांडणं, सिटीलिंकच्या बसमध्ये चढणं, आणि शेवटची परीक्षा गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार. मॅडम स्वतः आल्या होत्या, छत्री घेऊन मागे. तिथे दोन गोष्टी एका तासात घडल्या. दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे डावीकडून कांद्याची हातगाडी आली आणि मी बाजूला झालो. दिसली नव्हती. मॅडम मागून म्हणाल्या, "वा!" मी त्या 'वा'वर स्वार होऊन चाललो आणि वीस पावलांवर खांबाला खांदा धडकवला. हातगाडी हलत होती, खांब हलत नव्हता. भाजीवाल्या मावशी एवढ्या जोरात हसल्या की मलाही हसू आलं. निळा डाग आठवडाभर होता. तेव्हापासून मान आपोआप वळते, पूर्वी गिअर टाकायच्या आधी आरशाकडे जायची तशी.

चष्म्यावर चिकटवायच्या प्रिझमच्या पट्ट्याही त्यांनी आठ दिवस वापरायला दिल्या होत्या. गेलेल्या बाजूचं थोडं चित्र त्या चांगल्या बाजूला सरकवतात. काहींना फार उपयोग होतो म्हणे. मला डोकेदुखी झाली आणि दारातल्या चपला दुप्पट दिसायला लागल्या. परत केल्या, पैसे घेतले नाहीत.

बारीकसारीक सल्ले मात्र सोन्याचे. कालिदासला नाटकाला गेलात तर डावीकडच्या खुर्च्या घ्या, म्हणजे रंगमंच तुमच्या उजव्या अर्ध्यात येतो. मी तिथून एसटीपर्यंत पोचलो: आता डावीकडची खिडकी धरतो. दिसत नाही ती बाजू बाहेरच्या उसाला, माणसं सगळी उजवीकडे. जुने कंडक्टर विचारतात, पुढच्या सीटवर का नाही बसत, मी म्हणतो हवा लागते. स्कूटर विकली. त्यावर मॅडमनी एका शब्दाचीही सूट दिली नाही, आणि मी मागितलीही नाही. अठ्ठावीस वर्षं लोकांना घेऊन घाट चढलोय, अर्धा रस्ता न बघणाऱ्या माणसाला मीच स्टेअरिंगवर बसू दिलं नसतं.

तक्रारी. फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत. व्यायामाचे व्हिडिओ मोबाईलवर पाठवतात, पण त्यातली अक्षरं मुंगीएवढी. ज्यांची नजर गेलीय त्यांना मुंगीएवढी अक्षरं, कमाल आहे. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. रिसेप्शनचं टेबल दाराच्या डावीकडे आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी मी सरळ आत गेलो आणि त्या मुलीने तीन हाका मारल्या.

आणि जिना. लिफ्ट नाही, ते समजू शकतो, जुनी इमारत आहे. पण कठडा एकाच बाजूला, चढताना डावीकडे. म्हणजे माझ्यासाठी चढताना कठडा नाही आणि उतरताना आहे. उजवी बाजू गेलेल्यांचं बरोबर उलटं, ते चढतात मजेत आणि उतरताना भिंत चाचपतात. वेटिंगमध्ये आमची ह्यावर चांगली ओळख झाली. मी तीनदा सांगितलं. परवा गेलो तेव्हा सुतार येऊन दुसऱ्या बाजूचं माप घेऊन गेला होता. कठडा लागला की येऊन पाचवा तारा टाकतो.